अर्धा इंची अक्षरं

माझ्या सासऱ्यांना वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात ते कळायला बेचाळीस वर्षं लागली, आणि तेवढा वेळ मी इथे कोणाचा घेणार नाही.

बाबा प्लंबर. आमच्या वसाहतीच्या सहा इमारतींमधली पाण्याची प्रत्येक लाइन त्यांना तोंडपाठ. कोणत्या भिंतीत कोणता जोड कधी टाकला, हे ते झोपेतही सांगतील. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्याच कमरेला असते. नव्या प्लंबरने ती एकदा मागून पाहिली. बाबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. आकडे त्यांना उत्तम येत. इंच, मीटर, दाब, सगळं. अक्षरं येत नसत. आपण चौथी शिकलो असं ते सांगायचे. खरं म्हणजे शाळेत ते जेमतेम पंधरा दिवस गेले होते, आणि त्यातलाही बराचसा वेळ शाळेच्या हौदापाशी काढला होता. सही मात्र येत असे. ती ते एखादा अवघड जोड बसवावा तशी करायचे, सावकाश, श्वास रोखून.

माझ्या सासूबाई अगदी उलट. त्या छापखान्यात खिळे जुळवायच्या. खिळे म्हणजे शिशाचे बोटभर तुकडे, प्रत्येकाच्या टोकावर एकेक अक्षर. छापल्यावर सुलट उमटावं म्हणून ते खिळ्यावर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. सासूबाईंनी तीस वर्षं अशी उलटी अक्षरं बोटांनी उचलून ओळी लावल्या. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा त्यांचा धंदा होता आणि छंदही. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी चार चुका काढल्या होत्या, त्यातल्या दोन माझ्या माहेरच्या माणसांच्या बाबतीत होत्या.

दोघांचं जुळलं ते छापखान्यातच. तिथला नळ गळत होता म्हणून बाबा गेले होते. जोड वाळेपर्यंत वेळ होता, म्हणून त्यांनी समोरचं वर्तमानपत्र हातात धरलं. हातात पाना असलेला माणूस इतकं मन लावून वाचतोय, हे आईंनी पाहिलं आणि त्या विरघळल्या. पेपर सुलटा धरला होता हे बाबांचं नशीब.

लग्नानंतर रोज सकाळी आई पेपर मोठ्याने वाचत आणि बाबा मान हलवत. सगळ्यांना वाटे, काय प्रेम आहे बघा. प्रेम होतंच, पण सोयही होती. कोणी काही वाचायला पुढे केलं की बाबांचा चष्मा सापडत नसे. हा चष्मा मी स्वतः कमीत कमी दोनशे वेळा शोधला असेल. तो बहुतेक वेळा त्यांच्या खिशात असायचा.

या घरात बाबांवर एकच आरोप होता, आणि तो जुना होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ते चौदा महिने दूर कामाला गेले होते. धरणापासून मोठी जलवाहिनी टाकायची होती. आईंनी तिकडे अकरा पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. परत आल्यावर आईंनी जाब विचारला तेव्हा बाबा म्हणाले, "तिथे टेबल नव्हतं."

टेबल नव्हतं! हे वाक्य आमच्या घरात मी येण्याआधीपासून नांदतंय. दूध आणायचं राहिलं, टेबल नव्हतं. माझ्या नवऱ्याचा गणितात निकाल लागला, टेबल नव्हतं. आई हे हसत म्हणायच्या. पण ते हसणं गळ्याच्या वरचं होतं, आणि ते बाबांनाही समजत असे.

मग आईंना काचबिंदू झाला. दोन वर्षांत नजर पूर्ण गेली. माझ्या नवऱ्याने त्यांना पेपर वाचून दाखवणारा फोन आणून दिला. त्यातली बाई गोड आवाजात बातम्या वाचायची. आईंनी तिला चार दिवस सहन केलं. "ही स्वल्पविराम खाते," त्या म्हणाल्या. "अपघात आणि उद्घाटन एकाच सुरात वाचते. बंद करा तिला." मी वाचून पाहिलं, तर माझ्या उच्चारांतल्या चुका निघाल्या. मग त्यांनी मागणंच सोडलं. खिडकीकडे पाठ करून पडून राहायच्या. जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. मी एका दवाखान्यात केसपेपर काढण्याच्या खिडकीवर बसते. दोष नसलेली माणसं कशी झपाट्याने जातात, ते मी पाहिलेलं आहे. घाबरले होते मी. बाबा माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते, पण ते घाबरले की पंपाच्या खोलीत जातात.

या वेळी गेले ते तीन आठवडे तिथेच. जेवायला येत, आईंना दोन घास भरवत, परत जात. आम्हाला वाटलं, मोठी मोटर खोलली असेल.

झालं होतं असं, की आईंच्या कपाटात एक डबी होती. छापखाना बंद झाला त्या दिवशी आईंनी पर्समध्ये घालून आणलेली एका शब्दाची ओळ तिच्यात होती, दोऱ्याने बांधलेल्या खिळ्यांची. हीच का आणली, तर ती एका वैद्यांच्या जाहिरातीतली होती आणि वीस वर्षं रोज छापली जायची, म्हणून ती कधी सुटी करावी लागली नव्हती. बाबांना एवढंच माहीत, की हिला अक्षरं हवी आहेत, हिचे डोळे गेलेत पण बोटं शाबूत आहेत, आणि ही अक्षरं हिने जपून ठेवली आहेत. ते ती डबी घेऊन गेले. भिंग लावून एकेक खिळा पाहिला आणि जे दिसलं ते अर्धा इंची नळात बनवायला घेतलं.

काम त्यांनी कसं केलं हे मला नंतर तपशिलात ऐकावं लागलं, तेव्हा तुम्हीही थोडं ऐका. डोक्यावरची रेघ ही मेन लाइन. सगळी अक्षरं तिला टी, म्हणजे तीन तोंडी जोड, टाकून खाली लोंबतात. वळणांना एल्बो. 'ळ'साठी बेसिनखालच्या दोन बाकदार नळ्या. उकाराला शॉवरची लवचिक नळी, कारण दुसरं काही तसं वळेना. बारीक गाठीच्या जागी रबरी वॉशर. आणि प्रत्येक अक्षराला पाणी जोडून रात्रभर दाब ठेवायचा. अक्षर गळलं तर नापास. का, म्हणून मी विचारलं. "टेस्ट केल्याशिवाय काम सोडायचं नसतं," बाबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

एका रविवारी सकाळी ते फळीवर आवळलेला एक शब्द खांद्यावरून घेऊन आले. हातभर उंच, पलंगाइतका लांब. मी दारातच होते. मला आधी ते काय आहे हेच कळेना, कारण सगळं उलटं होतं, आरशातल्यासारखं. बाबांनी खिळ्यावर दिसलं तसं इमानदारीत उतरवलं होतं. उलट-सुलट असा काही प्रकार असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी उजवीकडून वाचायला लागले. वाचून झालं आणि मी पदर तोंडात कोंबला.

बाबांनी फळी आईंच्या मांडीवर ठेवली. "बघ," ते म्हणाले, "तुझ्यासाठी केलंय."

आईंनी हात पुढे केला. बोट लागताच त्या उठून बसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणी न सांगता बसल्या. बोटं सरळ उजव्या टोकाला गेली आणि तिथून भराभर डावीकडे सरकू लागली. जराही अडखळल्या नाहीत. शेवटच्या अक्षरापाशी थांबल्या.

"मूळव्याघ," त्या म्हणाल्या.

बाबा आनंदाने मान हलवू लागले.

"अहो, 'ध'ला डोक्यावर मोकळं ठेवतात. हा 'घ' झाला."

"मेन लाइन मधेच तोडता येत नाही," बाबा म्हणाले.

मी आईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी हसू आलं होतं, ते हळूहळू उतरलं. त्यांनी परत एकदा सगळ्या अक्षरांवरून हात फिरवला.

"अहो, काय लिहिलंय यावर?"

"तेच. तुझ्या डबीतलं."

"हो, पण काय?"

बाबांनी खिसा चाचपला. "चष्मा कुठे गेला बघ गं, सूनबाई," ते मला म्हणाले.

मी जागची हलले नाही. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

"मूळव्याध लिहिलंय," आई म्हणाल्या. "तीन आठवडे खपून कोणी बायकोला मूळव्याध करून आणत नाही. आणि आणलीच तर उलटी आणत नाही." आवाज अगदी साधा होता. "तुला वाचता येत नाही."

'तुला' म्हणाल्या. बेचाळीस वर्षं अहो-जाहो करणारी बाई! बाबांनी नाकारलं नाही. खोटं बोलून माणूस दमतो, तसे ते पलंगाच्या कडेवर बसले.

नंतरचा तास मी विसरणार नाही. आईंनी बेचाळीस वर्षं काढायला घेतली. पेन्शनचा अर्ज कोणी भरला? पोस्टातल्या माणसाने. मुलाच्या शाळेचं प्रगतिपुस्तक? शेऱ्याच्या शाईचा रंग बघून. औषधाच्या बाटल्या? झाकणाच्या आकारावरून. आई रोज पेपर वाचायच्या तेव्हा? "ऐकायचो," बाबा म्हणाले. "सगळं ऐकायचो." आईंना राग कशाचा आला होता, तर फसवणुकीचा नाही. "तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या," त्या मला म्हणाल्या, "आणि घरात पाच फूट आठ इंचाची चूक फिरत होती, ती मला दिसली नाही. तेव्हा तर डोळे होते मला." हे म्हणताना त्यांना रडू आलं. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. रागाला ताकद लागते.

संध्याकाळी त्यांनी खरा प्रश्न विचारला.

"माझी पत्रं तिकडे कोणी वाचून दाखवली?"

पहिलं पत्र बाबांनी तळावरच्या आचाऱ्याला दिलं होतं. तो चांगला माणूस होता, पण त्याचा आवाज मोठा होता. त्याने ते आठ जणांसमोर खणखणीत वाचलं. त्या पत्रात आईंनी काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. आठ जण आठवडाभर हसत होते एवढं कळलं.

"मग बाकीची?"

"मग कोणाला दिली नाहीत. तू माझ्यासाठी लिहिलेलं. लोकांनी कशाला ऐकायचं?"

"दहा पत्रं तू वाचलीच नाहीस?"

"उघडून बघायचो," बाबा म्हणाले. "किती ओळी आहेत ते मोजायचो."

ती पत्रं ते पंपाच्या खोलीतून घेऊन आले. चार इंची नळाचा हातभर तुकडा, दोन्ही तोंडांना झाकण चिकटवलेलं, वरून टेप. चाळीस वर्षांत आत थेंब गेला नव्हता. करवतीने कापून उघडावा लागला. दहाच्या दहा पत्रं पिवळी पडलेली, पण कोरडी.

आता गंमत बघा. जिने लिहिली तिला दिसत नाही. ज्याला लिहिली त्याला वाचता येत नाही. आणि जिला दिसतं आणि वाचताही येतं, अशी मी समोर धडधाकट उभी. मी हात पुढे केला. "आणा इकडे, मी वाचते."

"तुला काय करायचंय?" दोघं एकदम म्हणाले.

इतकं एकमत मी त्यांच्यात पहिल्यांदाच बघितलं. माझ्या नवऱ्यालाही हेच उत्तर मिळालं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी स्वयंपाकघरातून भांड्यांच्या आवाजात बोलत होते.

तोवर बाबांनी तांब्याची नळी आणली. गीझरला वगैरे लागते ती बारीक, हाताने वाकणारी. एल्बो आणि टी यांनी बायकोचं अक्षर होत नाही, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. पत्र भिंगाखाली धरायचं, एका ओळीतला एक शब्द घ्यायचा, पेनाने जसा घेतला तसा नळीने तो वळसा घ्यायचा, फळीवर क्लिप ठोकून बसवायचा. या वेळी सुलट, हे आईंनी चारदा बजावून सांगितलं. शब्द झाला की आईंच्या बोटांखाली द्यायचा. त्या वाचत. पहिल्या शब्दाला चार दिवस लागले. तो 'सप्रेम' होता.

"हे कोणाचं अक्षर?" आई म्हणाल्या.

"तुझंच."

"मी 'प्र' असा काढायचे? शी."

वेग मग वाढला. आठवड्याला एक ओळ, पुढे दोन. आईंच्या खोलीचं दार बंद असे. आतून आधी हातोडीचा आवाज, मग आईंचा वाचण्याचा, मग दोघांचा भांडण्याचा. 'भ'वरची रेघ तोडायला बाबा कधीच मनापासून तयार झाले नाहीत. प्रत्येक 'भ' मागे वाद व्हायचा. आई आता खुर्चीत बसायच्या. जेवण नीट झालं. केसांना स्वतः तेल लावू लागल्या. बाबांना 'तू' म्हणणं काही त्यांनी सोडलं नाही. मला वाटतं बाबांना ते आवडत होतं.

चौथ्या महिन्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बाबा दुधाच्या पिशवीकडे बघत ओठ हलवत होते. पिशवीवरचा शब्द त्यांनी पुटपुटून पूर्ण केला, मग आजूबाजूला पाहिलं. मी नळ सोडला आणि पाठ वळवली. म्हणजे पत्र आता ते सरळ वाचून दाखवू शकले असते. अडखळत, पण शकले असते. दार मात्र तसंच बंद होत राहिलं आणि नळी तशीच वाकत राहिली. आईंनाही ते कळलं असणार. या वेळी त्यांच्या बोटांतून चूक सुटली असेल असं मला वाटत नाही. दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत, मग मी तरी का बोलू?

मी कान लावून ऐकणाऱ्यांतली नाही. पण फळ्या गॅलरीत उभ्या करून ठेवलेल्या असत, आणि गॅलरी झाडायला मीच जाते. एका सकाळी तिथे नवी फळी होती. चौथ्या पत्रातल्या ओळी. मी केरसुणी हातात धरून ती वाचली.

'मुलगा तुमच्यासारखा दिसतो. त्याचं नाव काय ठेवायचं ते तुम्ही कळवा. शुक्रवारी नोंदवायचं आहे, तोवर वाट बघते.'

माझ्या नवऱ्याचं नाव आईंनी एकटीने ठेवलं, हे मला तेव्हा कळलं. शुक्रवारी संध्याकाळी ठेवलं असणार, कचेरी बंद व्हायच्या वेळेला.

त्या दिवशी दार लवकर उघडलं. आतून भांडण ऐकू आलं नव्हतं. बाबा बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता पंपाच्या खोलीत गेले. आई खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी चहा नेला, तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मी मनात म्हटलं, झालं, आता परत पलंग. माझा नवरा मला विचारत होता, काय झालंय? मी काय सांगणार? त्याच्या नावाबद्दल झालंय, असं सांगू?

गुरुवारी दुपारी बाबा आले. हातात एक लहान फळी. त्यावर एकच शब्द होता, आणि या वेळी तो कोणत्याही पत्रातून उतरवलेला नव्हता. अक्षरं वेडीवाकडी, एक मोठं, एक लहान, शाळेतल्या मुलाने पहिल्यांदा काढावीत तशी. हे त्यांचं स्वतःचं अक्षर होतं. आयुष्यात सहीशिवाय त्यांनी लिहिलेला पहिला शब्द. फळी त्यांनी आईंच्या मांडीवर ठेवली आणि बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून. दार लावायचं त्यांना सुचलं नाही.

आईंनी डावीकडून सुरुवात केली. हळूहळू वाचलं. मग परत सुरुवातीपासून वाचलं. एकही चूक काढली नाही.

"तेव्हाच ठरवलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"मुकादमाच्या फोनवर कळलं ना, मुलगा झाला म्हणून," बाबा म्हणाले. "त्याच दिवशी ठरवलं होतं."

"चांगलं आहे."

ते नाव मी वाचलंय, पण इथे सांगणार नाही. ते एका पत्राचं उत्तर आहे आणि ते पत्र मला आलेलं नव्हतं. आईंनी फळी छातीशी धरली. मग मान वर केली आणि मोठ्याने, जेवायला बोलवावं तशी, आजवर या घरात कधी न घेतलेल्या त्या नावाने हाक मारली. एकदाच.

माझा नवरा आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होता. तो शर्ट हातात घेऊन दारात आला.

"काय गं आई?" तो म्हणाला.